सांता खरा आहे का, असं मुलाने विचारलं तर
लगेच उत्तर देऊ नका. आधी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. ७-८ वर्षांची बरीच मुलं तर्क लढवून निम्मं ओळखून बसलेली असतात, त्यांना फक्त दुजोरा हवा असतो. तो द्या. ‘भेटवस्तू आम्हीच ठेवायचो’ एवढं सरळ वाक्य पुरतं. थेट विचारल्यावरही थाप रेटलीत तर पुढे राग सांताचा नाही, तुमचा येतो. ज्यांच्यावरून सांता आला ते चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचे बिशप निकोलस मात्र खरे होते, हे जरूर सांगा. धाकटं भावंड असेल तर मोठ्याला गुपितात सामील करा. यंदाची धाकट्याची भेट मोठ्यालाच गुपचूप ठेवू द्या. (वर्गात जाहीर करू नकोस, हेही बजावाच.) रडू आलं तर रडू द्या, समजूत घालायची घाई नको.