पाण्याखाली कुणाच्या भरवशावर उतरायचं?

या वेळी बरेच प्रश्न स्कूबाचेच आलेत, बेटांवरच्या सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालेलं दिसतंय. त्यातले चार घेतेय. पहिल्याला जास्त जागा देतेय कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांमधल्या शंका त्यातच येऊन जातात.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मित्रमैत्रिणी एका बेटावर सुट्टीला चाललोय आणि स्कूबा करायचंच असं ठरलंय, आधी कुणीच केलेलं नाहीये. नेटवर बघितलं तर ढीगभर ऑपरेटर आहेत, सगळ्यांचे फोटो सारखेच, सगळ्यांना पाच स्टार, सगळे म्हणतात एकदम सेफ, पोहता नाही आलं तरी चालतं. नेमकं काय बघून ठरवायचं?

उत्तर: फोटो आणि स्टार आधी बाजूला ठेवा. फोटोतलं कासव तुम्हाला दिसेल की नाही हे कुणाच्याच हातात नसतं, पण एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण द्यायचे हे पूर्णपणे ऑपरेटरच्या हातात असतं, म्हणून मी कुठेही पहिला प्रश्न तोच विचारते.

तुम्ही करणार ती ट्राय डाइव्ह, पॅडी (डायव्हिंग शिकवून सर्टिफिकेट देणारी संस्था) तिलाच डिस्कव्हर स्कूबा म्हणते. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला इन्स्ट्रक्टर स्वतःसोबत खाली नेतो आणि परत आणतो. जास्तीत जास्त खोली 12 मीटर, आणि पॅडीच्या नियमात समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे फार तर चार जण. पण हा चारचा आकडा सगळं छान असतानाचा आहे, पाणी गढूळ असेल किंवा पाण्याला ओढ असेल तर तो कमी करायला हवा. आता तुम्ही चौघंही नवे, एकाला खाली गेल्यावर कानात दुखायला लागलं आणि इन्स्ट्रक्टर त्याला घेऊन वर निघाला तर बाकी तिघांकडे कोण बघणार? म्हणून दोघांमागे एक इन्स्ट्रक्टर देणारा शोधा. आणि तो इन्स्ट्रक्टरच हवा, डाइव्हमास्टर नाही. डाइव्हमास्टर सर्टिफाइड लोकांना फिरवून आणू शकतो, पण पॅडीच्या नियमांप्रमाणे नवख्या माणसाला समुद्रात डिस्कव्हर स्कूबा करवायला इन्स्ट्रक्टरच लागतो. त्याचा पॅडी नंबर मागून घ्या, पॅडीच्या साइटवर तो टाकला की शिकवायची परवानगी चालू आहे का ते दिसतं. नंबर मागितला म्हणून कुणी चिडलं तर तिथे बुकिंग करूच नका.

पॅडी चांगली की एसएसआय, यात मात्र वेळ घालवू नका. सीमास 1959 ची, पॅडी 1966 ची, एसएसआय 1970 ची, तिन्ही अशाच संस्था, तिन्ही जगभर चालतात. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस कसा आहे हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं विचारायचं ते सरावाचं. थेट बोटीतून खोल पाण्यात उतरवणार की आधी उथळ पाण्यात शिकवणार? कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून निदान तीन गोष्टी करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका: तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून टँकची हवा घेतो तो, काढून परत लावणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं, आणि नाक दाबून हळूच हवा ढकलून कान मोकळे करणं. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की नवीन माणूस घाबरतो आणि घाबरला की श्वास रोखून वर पळतो, खरा धोका तोच आहे. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि श्वास रोखलेला असेल तर फुफ्फुसाला इजा होते. त्यामुळे श्वास कधीच रोखायचा नाही हे ज्या ब्रीफिंगमध्ये पुन्हा पुन्हा बजावून सांगत नाहीत ते ब्रीफिंगच नव्हे. पाच मिनिटांत हाताच्या खुणा दाखवल्या, कॅमेऱ्याचं पॅकेज घेणार का विचारलं आणि चला पाण्यात, असं असेल तर सरळ उठा.

मग सामान. तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. सगळं अंगावर चढवल्यावर रेग्युलेटर तोंडात धरून चार-पाच मोठे श्वास घ्या आणि घेताना नजर टँकमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजच्या काट्यावर ठेवा. टँक भरलेला असेल तर काटा साधारण 200 बारला असतो आणि श्वास घेताना तो जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाहीये. वर बोटीवर बसून श्वास नीट येतो, पण खाली गेल्यावर हवा पुरत नाही, इतकी साधी आणि इतकी वाईट चूक आहे ही. त्याच वेळी हवेचा वासही बघा, तिला वास नसायला हवा. तेलकट, धुरकट वास आला तर टँक भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर बदललेला नाहीये किंवा त्याचं तोंड इंजिनाच्या धुराच्या बाजूला आहे, तो टँक घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि खोलीवर त्याचा परिणाम वाढतो, म्हणून हवेची तपासणी करून घेता का, शेवटचा रिपोर्ट दाखवता का, हेही विचारा. चांगल्या ठिकाणी तो भिंतीवर लावलेला असतो.

आता बोट. ऑक्सिजन आहे का असं विचारलं की काही जण रांगेत ठेवलेल्या टँककडे बोट दाखवतात. त्या टँकमध्ये साधी दाबून भरलेली हवा असते. तुम्ही विचारताय तो इमर्जन्सीचा शुद्ध ऑक्सिजन, मास्कसकट वेगळ्या किटमध्ये असतो, आणि डाइव्हनंतर कुणाला डीकम्प्रेशनचा त्रास (शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन होतो तो) झाला तर पहिला उपचार तोच. किट उघडून दाखवायला सांगा, वापरायचं कुणाला येतं विचारा. या त्रासावर दाब वाढवून उपचार करतात ते रिकम्प्रेशन चेंबर सगळ्यात जवळचं कुठे आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, याचं उत्तर ऑपरेटरला पाठ असायला हवं. सगळे पाण्यात असताना बोटीवर बोट चालवणारा माणूस थांबतो ना, रेडिओ चालू आहे ना, हेही बघा. आणि माणसं मोजतात का ते नक्की बघा, नाव घेऊन, कागदावर. 1998 साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर एक डाइव्ह बोट एका अमेरिकन जोडप्याला समुद्रात सोडून परत आली, मोजणीत चूक झाली होती, आणि दोघं परत आलेलेच नाहीत हे दोन दिवसांनी बोटीवर राहिलेल्या त्यांच्या बॅगांमुळे कळलं. ते दोघं सापडले नाहीत. त्यानंतर तिथले मोजणीचे नियम कडक झाले, पण नियम कुठलाही असो, बोट निघण्याआधी यादी वाचली जातेय की नाही हे तुम्ही स्वतः बघू शकता.

रिव्ह्यू वाचायचेच असतील तर पाच स्टारवाले सोडून द्या आणि "हवामान खराब म्हणून डाइव्ह कॅन्सल केली" असं रागाने लिहिलेले एक-दोन स्टारचे शोधून वाचा. समुद्र खवळलेला असताना ज्याने बोट काढली नाही आणि पैसे परत दिले किंवा दुसरा दिवस दिला, त्याच्याकडे मी डोळे मिटून जाईन. आणि बोट रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, नांगर टाकते की आधीच बसवलेल्या तरंगत्या बॉयाला बांधते ते विचारून घ्या. नांगराने प्रवाळ मोडतात, आणि जो माणूस त्याची काळजी घेतो तो बहुतेक वेळा सामानाचीही घेतो असं माझं निरीक्षण आहे. मासे जवळ यावेत म्हणून खायला टाकणारे, फोटोसाठी स्टारफिश उचलून हातात देणारे, हे मला अजिबात चालत नाहीत.

पोहता येण्याबद्दल: ट्राय डाइव्हला ती अट नसते, हे खरंच सांगतायत. पण ज्याला पाण्याचीच भीती वाटते त्याने ग्रुपच्या आग्रहाखातर उतरू नये, आणि बाकी तिघांनी आग्रह करूही नये.

प्रश्न: मला लहानपणापासून दमा आहे, अधूनमधून इनहेलर लागतो. ऑपरेटरने मेडिकल फॉर्म पाठवलाय आणि व्हॉट्सअपवर सांगितलंय की सगळीकडे 'नाही' लिहा नाहीतर उगाच डॉक्टरचं लफडं होतं. लिहू का?

उत्तर: नका लिहू. आणि त्या ऑपरेटरकडे जाऊही नका, एवढ्या एका मेसेजवरून तो बाकी ठिकाणी काय करत असेल ते कळतंय.

त्या फॉर्मच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात, फुफ्फुस, हृदय, कान-सायनस, फिट्स, चालू औषधं, झालेली ऑपरेशन्स असं सगळं. एखाद्या ठिकाणी 'हो' आलं म्हणजे तुमचं स्कूबा संपलं असं नाही, गरज असेल तिथे डॉक्टरांनी तपासून सही करायची असते. दम्यात श्वासनलिका आकसली की वर येताना फुगणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, वर म्हटलेली फुफ्फुसाची इजा मग श्वास न रोखताही होऊ शकते. शिवाय टँकमधली हवा कोरडी आणि थंड असते, त्यानेही काहींना त्रास सुरू होतो. छातीच्या डॉक्टरांना भेटा, शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेल्या, आणि हे निघायच्या आधी करा, बेटावर पोचून आदल्या संध्याकाळी नाही. काही दमेकऱ्यांना तपासणीनंतर परवानगी मिळते, काहींना नाही मिळत. नाही मिळाली तर स्नॉर्केलिंगचं विचारा, म्हणजे टँकशिवाय, नळीने श्वास घेत वर तरंगत बघायचं, उथळ रीफवर वरूनही खूप काही दिसतं.

आणखी एक, खोटा फॉर्म भरून काही झालं तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात. तसंही साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, ते कलम नीट वाचून मगच निघा.

प्रश्न: माझ्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट आहे पण बरीच वर्षं डाइव्ह केलेली नाही. एक सेंटर म्हणतंय लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) दाखवा आणि आधी रिफ्रेशर करा, दुसरं म्हणतंय कार्ड आहे ना, मग चला थेट. पहिलं जास्त पैसे उकळतंय का? आणि परतीच्या दिवशी दुपारी फ्लाइट आहे, सकाळी एक डाइव्ह बसेल ना?

उत्तर: पहिल्याकडे जा. तुमचं कार्ड तुम्ही कधीतरी 18 मीटरपर्यंत जायला शिकला होतात एवढंच सांगतं, आज तुम्हाला पाण्यात स्थिर तरंगता येतं का हे सांगत नाही. रिफ्रेशरमध्ये मास्क, जोडीदाराची हवा घेणं, बीसीडीवरचं (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटवरचं) नियंत्रण हे सगळं परत हाताखालून जातं आणि मग पुढच्या डाइव्हमध्ये तुमचं लक्ष माशांकडे राहतं. शेवटची डाइव्ह कधी केली हे न विचारताच जो तुम्हाला खोल साइटवर न्यायला तयार आहे, त्याने तुमच्यासोबतच्या जोडीदारालाही ते विचारलेलं नसणार, हा विचार करा.

परतीच्या सकाळची डाइव्ह अजिबात नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे की डीकम्प्रेशन स्टॉप (वर येताना मध्येच थांबावं लागणं) न लागलेली एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास थांबा, आणि रोज किंवा दिवसात अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, त्यात विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे व्हायची शक्यता वाढते. उंच घाटरस्त्याने विमानतळ गाठायचा असेल तर तेही यात धरा. शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवा. कुठल्या सेंटरने फ्लाइट कधी आहे हे स्वतःहून विचारलं तर त्याला माझ्याकडून एक मार्क जास्त.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, आमच्यासोबत येईल का? आणि मला चष्मा आहे, खाली काही दिसणार का?

उत्तर: समुद्रातली ट्राय डाइव्ह पॅडीच्या नियमात दहाव्या वर्षापासून, म्हणजे यंदा नाही. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी बबलमेकर नावाचा पॅडीचा प्रकार असतो, पण तो 2 मीटरपर्यंतच, आणि माझ्या मते तो शांत पूलमध्येच करावा. "कोण बघतंय, दहा लिहा" म्हणणाऱ्याला मुलगा सोपवू नका. तुम्ही दोघं एकाच वेळी पाण्यात असणार असाल तर तो वर कुणाजवळ थांबणार हेही आधी ठरवा, बोटीवरचा स्टाफ त्यासाठी नसतो.

चष्म्याचं सोपं आहे. पाण्याखाली वस्तू थोड्या मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबरवाल्यांचं बहुतेक निभतं. नंबर जास्त असेल तर बुकिंग करतानाच कळवा, बऱ्याच सेंटरकडे नंबरची काच बसवलेले मास्क असतात. सॉफ्ट लेन्सही चालतात, फक्त इन्स्ट्रक्टरला आधी सांगून ठेवा, मास्कमधलं पाणी काढायच्या सरावाच्या वेळी डोळे मिटून घ्या आणि लेन्सचा एक जादा जोड बोटीवर कोरड्या पिशवीत ठेवा.