परप्रजातीच्या कॉर्नियावर काम सुरू करतोयस तर

डुकराचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) उंदरात बसवायच्या आधी जाडी बघ. डुकराचा खूपच जाड असतो, उंदराच्या डोळ्यात तो जसाच्या तसा नीट बसत नाही. म्हणून आधी गिनीपिग-ते-रॅट कलमावर (गिनीपिगचा कॉर्निया रॅटला, म्हणजे मोठ्या उंदराला) हात बसव.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे परप्रजातीच्या किडनीसारखा काही मिनिटांत होणारा नकार (शरीराने परकं कलम नाकारणं) इथे सहसा दिसत नाही. पण निर्धास्त राहू नकोस. काही दिवसांतच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी), विशेषतः त्यांतला सीडी४ हा प्रकार, हल्ला चढवतात. माणसा-माणसातल्या कलमापेक्षा हा नकार जास्त जोरदार असतो.

माझं कळकळीचं सांगणं एकच: पहिल्या एक-दोन दिवसांतली सूज म्हणजे नकार समजू नकोस. ती बहुधा शस्त्रक्रियेची असते. स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) रोज धूसरपणा, सूज आणि रक्तवाहिन्या यांना वेगवेगळे गुण दे. सैल झालेला १०-० नायलॉनचा (अतिशय बारीक धाग्याचा) टाका बघितलास की लगेच काढ, त्याच्याच वाटेने रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कॉर्नियाचं संरक्षण गेलं. त्याच प्रजातीच्या कलमांचा गट सोबत ठेवच, नाहीतर तुझ्या निकालांना काही अर्थ नाही.

हा प्रयत्न नवा नाही: १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. किसम यांनी डुकराचा कॉर्निया माणसाला बसवला. तो लवकरच धूसर झाला.