मिश्र शाखांची मुलं आणि डिझाइन: सुरुवात वावरातून करा

तुम्ही विचारलंय की यवतमाळकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंग, कृषी, समाजकार्य आणि कॉमर्सची मुलं एकत्र बसवून मानवकेंद्री डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्या माणसाची गरज आधी समजून घेऊन वस्तू घडवणं, कसं शिकवायचं.

वर्गात बसवूच नका. कापसाची वेचणी सुरू असताना दोन दिवस वावरात न्या. नुसतं पाहायचं नाही, वेचायचंही. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना टोचली, कमरेच्या ओटीचं ओझं जाणवलं, की 'यंत्र बनवून टाकू' ही घाई ओसरते. (इंजिनिअरिंगवाल्यांची जरा उशिरा.)

समजा, कोणी हातमोजे सुचवले. कॉमर्सची मुलगी लगेच म्हणेल, मजुरी किलोवर असेल तर वेग घटला की वेचणाऱ्या बाईचे पैसे घटले. कृषीवाला सांगेल, बोंडं एकदम फुटत नाहीत, त्याच पऱ्हाटीवर पुन्हा पुन्हा यावं लागतं. आणि समाजकार्यवाली विचारेल, शेतमालक बांधावर उभा असताना बाया खरं बोलतील का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. संघात वेगवेगळ्या शाखांची माणसं हवीत हे मानवकेंद्री डिझाइनवरच्या आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकातलं (२०१०, सुधारित २०१९) एक तत्त्वच आहे, फक्त ते मानक संगणकीय प्रणालींसाठी लिहिलेलं.

मुलांना सुचलेल्या वस्तूचा कच्चा नमुना जुन्या लुगड्याचा, सुतळीचा चालेल. तो त्याच बायांना वापरायला द्या, मुलांनी गप्प राहून पाहावं. गुण वस्तूच्या देखणेपणाला नकोत, पाहिल्यावर मुलांनी त्यात काय बदललं त्याला द्या. आणि बायांचा जितका वेळ घ्याल, तेवढी मजुरी आधीच बजेटात धरा.