कोल्हापुरात घरामागे 30 बाय 55 फूट जागेत सिंथेटिक बॅडमिंटन कोर्ट करायचंय. काँक्रीटवर ॲक्रिलिक रंग घ्यावा की प्लास्टिकच्या टाइल्स? खर्च किती, आणि आपल्या पावसात टिकेल का?

तुमचं "आपल्या पावसात टिकेल का" वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हा प्रश्न मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर द्यायला मला एक कोर्ट फोडून दुसरं करावं लागलं.

टिकतं. पाऊस कोर्ट बिघडवत नाही, खालची जमीन बिघडवते.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला, पूर्वी उसाचं शेत होतं तिथल्या प्लॉटवर. मुलगी सातवीत होती आणि बॅडमिंटनशिवाय तिला काही सुचत नव्हतं. मी घरामागे कोर्ट करूया म्हटलं, तेव्हा थोरले भाऊजी म्हणाले, "पोरीच्या खेळापायी परसात सिमेंट ओतताय व्हय? उद्या लग्न होऊन जाईल, मग त्यावर काय शेवया वाळवणार?" मी गप्प बसले, पण हट्ट सोडला नाही. शेवटी काम मिळालं ते भाऊजींच्याच ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला, आणि तेही मे महिन्यात. त्यानं काळी माती जागेवरच ठेवली. वर दोन ट्रॉली मुरूम पसरला, पाणी मारलं, ना रोलर ना धुम्मस. त्यावर चार इंच काँक्रीट, आरशासारखं घोटलेलं. दहाव्या दिवशी हिरवा रंग. पाऊस तोंडावर आलाय, उरकून घेऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

जुलैत रंगाला तळहाताएवढे फोड आले, दाबले की आतून पाणी. काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद नव्हता, त्यामुळे जमिनीतली ओल वर चढत होती आणि रंगाखाली अडकत होती. काँक्रीटला 28 दिवस द्यायचे असतात, तेही दिले नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये नेटच्या खांबापासून कुंपणापर्यंत करंगळी जाईल एवढा तडा गेला. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते, वरचं काँक्रीट मधल्यामध्ये मोडतं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. आम्हाला मात्र कुणी सांगितलं नाही.

भाऊजी तो तडा बघून म्हणाले, "कोल्हापूरच्या पावसात असलं काय टिकत नाही. आमच्या तालमीत बघा, माती ती माती." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. जणू तिच्या खेळानंच पैसे बुडवले. ते मी विसरलेली नाही.

भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. तालमीतली माती आपोआप तशी होत नाही. ती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवतात, रोज खणून खालीवर करतात. अंगाखालच्या जमिनीची एवढी निगा राखणाऱ्या गावात आमच्या कोर्टाखाली कुणी एक फूटही खणलं नाही. आणि खाशाबा जाधव मातीतच वाढले, राजाराम कॉलेजात शिकले, पण 1952 साली हेलसिंकीचं कांस्यपदक त्यांनी मॅटवर मिळवलं. त्यामुळे माती विरुद्ध सिंथेटिक हा वाद मला मान्य नाही.

दुसऱ्यांदा मी स्वतः उभी राहून काम करून घेतलं. काळी माती पूर्ण काढली, आमच्याकडे ती तीन फूट निघाली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. मग तो तसाच एक पावसाळा दबू दिला. घरचे हसले, हसू दे म्हटलं. दिवाळीनंतर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर जाड प्लास्टिक, मग काँक्रीट. या वेळी घोटू दिलं नाही, झाडू फिरवून खरखरीत ठेवलं, नाहीतर ॲक्रिलिक धरत नाही. उतार शंभराला एक, सगळा एकाच बाजूला. 24 फूट रुंदीला साधारण तीन इंच. नेटपाशी उंच करून दोन्हीकडे उतार देतो म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नका.

रंगाआधी दोन गोष्टी तपासा. दीड फूट चौकोनी प्लास्टिक काँक्रीटवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि 16 तासांनी उचला. आत दव दिसलं तर थांबा. दुसरं, पाइपनं कोर्ट भिजवा आणि तासाभरानं बघा. नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त पाणी जिथं साचेल तिथं आधी भरून घ्या. आणि रंग वळवाच्या आत, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरका.

ॲक्रिलिक की टाइल्स? मी ॲक्रिलिक केलं आणि पुन्हा तेच करीन. प्लास्टिकच्या टाइल्स लवकर बसतात, पाणी खाली निघून जातं, हे खरं. पण त्यांच्याखाली पाला आणि गाळ साचतो, उन्हात त्या फुगतात म्हणून भिंतीपासून फट सोडावी लागते, आणि खालचं काँक्रीट वाकडं असेल तर त्याही डुगडुगतात. पायाचं काम वाचतं म्हणून टाइल्स घेणार असाल तर ते वाचत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमचा दुप्पट झाला, त्यामुळे माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तीन कोटेशन घ्या. खोदाई किती, मुरमाचे थर किती, काँक्रीट किती इंच, हे ज्यात लिहिलेलं नाही ते बाजूला टाका. आमच्याकडे रंगापेक्षा जमिनीखाली कितीतरी जास्त पैसे गेले.

राहिलेलं सांगते. तुमची 30 बाय 55 फूट जागा पुरेशी आहे, कोर्ट 20 बाय 44 चं असतं. उघड्यावर वारा शटल नेतो, म्हणून आम्ही पहाटे आणि नायलॉनच्या शटलनं खेळतो. काँक्रीटवरचं साधं ॲक्रिलिक गुडघ्यांना कडक पडतं, पोरं लहान असतील तर खाली कुशनचे थर घ्या. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला ब्रशनं काढावं लागतं, आणि ओल्या कोर्टावर कुणालाही उतरू देऊ नका. घर पंचगंगेच्या बाजूला असेल, 2019 किंवा 2021 ला परसात पाणी आलं असेल, तर मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी भरावाचा विचार करा.

तुमच्या परसात एका कोपऱ्यात चार फुटांचा खड्डा मारून बघा. काळी किती खोल लागते ते इथंच लिहा, पुढचं मी सांगते.