एटॅलॉनला लेसर लॉक करण्याआधी

१५५० नॅनोमीटरच्या लेसर लिंकमध्ये वेव्हमीटर (तरंगलांबी मोजणारं उपकरण) न ठेवता काचेचा घन, म्हणजे भरीव, एटॅलॉन (दोन समांतर परावर्तक पृष्ठभाग; त्यांच्यातून समान अंतरावरच्या ठरावीक वारंवारतांनाच जास्तीत जास्त प्रकाश पार होतो, तीच त्याची शिखरं) संदर्भ म्हणून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. दूरसंचाराच्या लेसर मॉड्यूलमधले वेव्हलेंथ लॉकर (लेसरला एका तरंगलांबीवर धरून ठेवणारे, म्हणजे लॉक करणारे भाग) बहुतेक हेच करतात. पण एटॅलॉन म्हणजे आकडे न छापलेली फूटपट्टी. रेघा समान अंतरावर असतात, कुठली रेघ कितीची ते मात्र ती सांगत नाही.

दर ५० गिगाहर्ट्झला एक शिखर हवं असेल तर दोन पृष्ठभागांमध्ये हवेची फट ३ मिलिमीटर लागते, सिलिका काच २ मिलिमीटरच्या थोडी वर. आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा) ग्रिड, म्हणजे लेसरच्या ठरवून दिलेल्या वारंवारतांची मालिका, १९३.१ टेराहर्ट्झला बांधलेला आहे. एखादं शिखर तिथे आणून बसवणं हे तुमचं काम. डीएफबी लेसर (दूरसंचारातला नेहमीचा एकाच तरंगलांबीचा सेमीकंडक्टर लेसर) तापमानाच्या एका अंशाला साधारण १२ गिगाहर्ट्झ सरकतो, म्हणजे दोन अंशांची गफलत झाली की शेजारच्या शिखराला लॉक लागू शकतो आणि सर्किट म्हणेल सगळं ठीक आहे. थर्मिस्टरची, म्हणजे लेसरच्या तापमानाची, नोंद त्यासाठीच हवी. खात्रीच करायची तर हायड्रोजन सायनाइडची गॅस सेल घ्या; वायू ज्या तरंगलांब्या शोषतो त्या रेषांच्या जागा पक्क्या माहीत असतात. अ‍ॅसिटिलीनच्या नेहमीच्या रेषा १५४० नॅनोमीटरच्या आसपास संपतात, तुमच्या कामाच्या नाहीत.

लॉक शिखरावर नको, उतारावर करा. शिखरावर लेसर कुठल्या बाजूला सरकला हे डिदर केल्याशिवाय (लेसर मुद्दाम किंचित इकडेतिकडे हलवल्याशिवाय) कळतच नाही. एक फोटोडायोड एटॅलॉनच्या आधी, एक नंतर, आणि दोघांचं गुणोत्तर घ्या. नाहीतर लेसरची पॉवर कमी झाली तरी लूपला (लॉक करणाऱ्या सर्किटला) तरंगलांबी हलल्यासारखी वाटेल.

आता घन काचेची अडचण. सिलिकाचा अपवर्तनांक तापमानासोबत वाढतो, त्यामुळे शिखरं अंशाला सव्वा-दीड गिगाहर्ट्झ खाली सरकतात. तापमान नियंत्रण हवंच. तापमानाने फारसा न प्रसरणाऱ्या स्पेसरचा (आरशांमधलं अंतर राखणाऱ्या तुकड्याचा), हवेच्या फटीचा एटॅलॉन यात कितीतरी सरस, पण तो सीलबंद नसेल तर हवेचा दाब त्रास देतो: दाब एक टक्का बदलला की अर्धा गिगाहर्ट्झ. उपग्रहावर नेलात तर हवा निघून गेल्यावर शिखरं ५० गिगाहर्ट्झच्या थोडी वरच सरकतात. म्हणजे ५० च्या एटॅलॉनमध्ये जवळपास पूर्ण एक घर! नवं शिखर जुन्याच्या जागी येऊन बसतं, आणि जमिनीवरचं कॅलिब्रेशन बरोबर असल्यासारखं दिसतं. मला तरी हा दोष सगळ्यात वाईट वाटतो.

कोनाकडेही बघा. हवेच्या फटीचा एटॅलॉन किरणाशी १० मिलिरेडियन कलला की शिखरं जवळपास १० गिगाहर्ट्झ वर. कॉलिमेटर (किरण समांतर करणारं भिंग) घट्ट बसवा. गोंद वाळताना हलतो.

एकच खुलासा हवाय: लिंक जमिनीवरच आहे की खालच्या कक्षेतल्या उपग्रहाशी? उपग्रह असेल तर डॉप्लरमुळेच (उपग्रहाच्या वेगामुळे) वारंवारता सुमारे ५ गिगाहर्ट्झ इकडेतिकडे होते. थेट डिटेक्शन (फक्त प्रकाशाची पॉवर मोजणं) आणि रुंद फिल्टर असेल तर घन काच पुरेल. कोहेरंट रिसीव्हर (आलेला प्रकाश स्वतःच्या लेसरशी मिसळून वाचणारा) असेल तर लोकल ऑसिलेटरला, म्हणजे त्या लेसरला, तो बदल पकडत राहावं लागेल, एटॅलॉन कितीही चांगला घेतलात तरी.