मोठा कारखाना बंद पडला, तर इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलचं बुडालेलं उत्पन्न सरकार भरून देतं का?

पूर्ण नाही, ठरावीक मर्यादेपलीकडची तूटच सरकार भरून देतं. एप्रिल २०१३ पासून व्यावसायिक मालमत्तांवरच्या कराचा, म्हणजे बिझनेस रेट्सचा, साधारण निम्मा वाटा स्थानिक पातळीवर राहू लागला, आणि त्याबरोबर कर बुडण्याची जोखीमही कौन्सिलच्या गळ्यात आली. त्यासाठी ‘सेफ्टी नेट’ ठेवलं गेलं. २०१३ मध्ये ठरलेल्या नियमानुसार, सरकारने ठरवून दिलेल्या मूळ रकमेच्या ९२.५ टक्क्यांखाली उत्पन्न गेलं, की तिथपर्यंतची भर सरकार घालतं. मूळ रक्कम १०० पौंड आणि हाती आले ८०, तर सरकारकडून साडेबारा मिळतात; उरलेले साडेसात कौन्सिलने सोसायचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वृद्धांची देखभाल, संकटातल्या मुलांचं संरक्षण ही कामं कायद्यानेच बंधनकारक, त्यामुळे कात्री लागते ती वाचनालयांना आणि रस्त्यांना. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. ईशान्य इंग्लंडमधल्या रेडकारचा पोलाद कारखाना २०१५ मध्ये बंद पडला, तो काही तिथल्या कौन्सिलच्या चुकीमुळे नव्हे.

रिकाम्या कारखान्यावरही कर लागतो, पण पहिले सहा महिने माफ असतात. कंपनी दिवाळखोरीत निघून लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत गेली, तर रिकाम्या जागेचा कर लागतच नाही. इमारत पाडली, तर करयादीतली नोंदच उडते.

एक लक्षात घ्या: कौन्सिल आधी मूळ रकमेपेक्षा जास्त कमवत असेल, तर त्या वरकड उत्पन्नाला हे संरक्षण मुळीच नाही.