वरातीतला सुतळी बॉम्ब आणि पोराचा कान

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही नंदगडचे. रविवारी पुतण्याच्या वरातीत माझ्या मुलाच्या उजव्या कानाजवळ सुतळी बॉम्ब फुटला. तो २३ वर्षांचा आहे, बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग ग्राइंडरनं घासून साफ करायला जातो. रक्त आलं नाही, पण तेव्हापासून कानात सारखी शिट्टी वाजते. त्या बाजूनं हाक मारली तर पटकन कळत नाही, फोनसुद्धा डाव्या कानाला लावतो. सासूबाई म्हणतात लसणीचं कोमट तेल घाला, मेडिकलवाल्यानं थेंब दिलेत, मित्र म्हणतात आपोआप सुटेल. आज गुरुवार. ऐकू परत येईल का? सोमवारी कामावर पाठवू का?
– एक आई

उत्तर : ताई, पत्राच्या फोटोखाली तुमचा नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं त्याला बेळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, एवढंच सांगितलं. एवढी घाई का, ते इथं लिहिते. लग्नसराईत, गणपतीत, शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर असे कान आमच्याकडे येतात खरे, पण बहुतेक महिनाभर वाट बघून येतात.

मोठ्या आवाजानं कानात दोन ठिकाणी इजा होऊ शकते. एक म्हणजे पडदा. दणक्यानं तो फाटला तरी बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपला आपण भरून येतो, फक्त कान कोरडा राहायला हवा. म्हणून तेल नको आणि पडदा कुणी बघेपर्यंत ते थेंबही नकोत. फाटक्या पडद्यातून लसणीचं तेल आत गेलं की जंतुसंसर्ग ओढवून घेतल्यासारखं होतं. सासूबाईंची माया मला कळते, पण इथं ऐकू नका.

दुसरी जागा आत, शंखाच्या आकाराच्या नळीत. तिथं एका कानात साधारण १५ हजार केसाळ पेशी असतात, ऐकण्याचं खरं काम त्यांचं. वाऱ्या-पावसात भात आडवं पडतं, तेव्हा नुसतं कललेलं पुन्हा उभं राहतं आणि बुंध्यात मोडलेलं जातंच, तसंच या पेशींचं होतं. कोंबडीच्या कानात मेलेल्या पेशी नव्यानं उगवतात, माणसाच्या कानात नाही.

इजा नेमकी कुठली, याचा अंदाज घ्यायला आम्ही ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आपटला की एका सुरात वाजणारा धातूचा चिमटा) कोपरावर आपटून पेशंटच्या कपाळाच्या मधोमध टेकवतो आणि आवाज कुठल्या कानात येतो ते विचारतो. दुखावलेल्या कानात मोठा आला तर दोष बहुधा पडद्याकडचा, चांगल्या कानात आला तर आतला. फोनवर मी तुमच्या मुलाला ओठ मिटून ‘म्’ म्हणत राहायला लावलं, ते याचसाठी. तो म्हणाला, ‘डाव्या कानात घुमतंय.’ तिथंच मला काळजी वाटली.

ही घरची खूण ढोबळ आहे, तिच्यावर औषध ठरत नाही. त्यासाठी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख हवा. आवाजाच्या इजेत आलेखात बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. स, श, फ ही अक्षरं अशाच उंच पट्टीतली, म्हणून पेशंट सांगतो, ‘बोलणं ऐकू येतं, पण शब्द समजत नाही.’

दोष आतला निघाला तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्या देतील. त्यांनी हमखास गुण येतो असं मी म्हणणार नाही, पण द्यायच्या तर सुरुवातीच्या दिवसांतच, फार तर दोन आठवड्यांच्या आत. महिन्यानंतर आलेल्या पेशंटला देण्यासारखं आमच्या हातात फारसं नसतं, आणि ते त्याला सांगताना फार जड जातं. साखर किंवा अॅसिडिटीचा त्रास असेल तर आधी सांगा. दुकानातून परस्पर घेऊ नका.

ऐकू परत येईल का? हलकी इजा दोन दिवसांत उतरते. चौथ्या दिवशीही शिट्टी आहे म्हणजे ती तेवढी हलकी नाही, पण आशा सोडण्यासारखंही नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरंच परत येऊ शकतं, पुढं वेग मंदावतो. शिट्टी रात्री जास्त छळते. खोलीत पंख्याचा घुंई आवाज राहू द्या, झोप लागायला मदत होते. इयरफोन पूर्ण बंद.

सोमवारी कामावर मात्र अजिबात नको. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास. फेटलिंगचा ग्राइंडर याच्याही वर जातो, आणि दुखावलेल्या पेशींना सावरायला शांतता लागते. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून रजेचा दाखला घ्या, आजारपणाचे पैसे मिळू शकतात. परत जाताना काही महिने तरी फेटलिंगऐवजी दुसऱ्या खात्यात काम द्यावं, अशी चिठ्ठी कानाच्या डॉक्टरांकडून सुपरवायझरसाठी मागून घ्या. नंतरही कानात प्लग आणि वरून कान झाकणारा मफ, दोन्ही.

शिट्टी थांबली तरी दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी ऑडिओग्राम पुन्हा करा. शुक्रवारचा कागद फाइलमध्ये जपून ठेवा. पुढचे दोन आलेख त्याच्याशेजारी ठेवूनच कान किती सावरला ते डॉक्टर सांगू शकतील.